समुद्रकाठचा वाद आणि बायबलची पोथी

माथेरानला व्याख्यान संपले म्हणून संपत नाही. येथे मोटार नाही. वक्ता आणि श्रोते लाल मातीच्या एकाच वाटेने चालत परततात, आणि सभेत विचारावयास संकोच वाटलेले प्रश्न त्या वाटेवर बाहेर पडतात. काल एका गृहस्थांनी आम्हांस असेच गाठले. ‘बायबल इतक्यांदा नकलले गेले, इतक्या भाषांतून फिरले, की मूळचे त्यात काही उरलेच नसणार; मग इतिहास म्हणून त्यावर भरवसा कसा ठेवावा?’ अंधारात उत्तर तुटकच दिले गेले. ते आज नीट देतो.

प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. पुढे १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालीत होते. हे विष्णुबाबा, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले, याच जिल्ह्यातील शिरवलीचे. या डोंगरावर मॅलेटसाहेबाचे पाऊल पडून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती! त्या वादांत एक खोड दोन्हीकडे दिसते. परक्याच्या ग्रंथातली विसंगती मोजावयास बारीक गज आणि स्वतःच्या ग्रंथाला सैल.

एकच गज दोन्हीकडे लावला तर काय होते, हे पाहण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. नकलाकारांच्या चुका वेगवेगळ्या दिशांना पडतात. म्हणून पोथ्या जितक्या अधिक, तितकी चूक पकडणे सोपे. डॉ. सुखटणकरांनी या रीतीने आदिपर्व सिद्ध केले, तेव्हा व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही लाडकी कथाच मूळ संहितेबाहेर गेली. पुष्कळांना वाईट वाटले. पण त्यामुळे महाभारत खोटे ठरले असे कोणी शहाणा म्हणाला नाही.

बायबलची गोष्ट अशीच आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन थोर ग्रीक पोथ्यांत नाहीत. त्यांपैकी सिनाय पर्वतावरील मठातल्या पोथीचा मोठा भाग टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताच्या हाती १८५९ साली आला. त्याच वर्षी विष्णुबाबांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ निघाला. समुद्रकाठी बसलेल्यांना ती पोथी ठाऊक असणे शक्यच नव्हते. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. तोवर उपलब्ध असलेल्या संपूर्ण हिब्रू यशयापेक्षा तेथील गुंडाळी सुमारे हजार वर्षांनी जुनी. तरीही, शुद्धलेखनाचे पुष्कळ व शब्दांचे काही भेद सोडता, ग्रंथ तोच निघाला. यिर्मयाच्या बाबतीत मात्र तेथेच निराळा पाठ मिळाला. ग्रीक भाषांतरात यिर्मया सुमारे अष्टमांशाने आखूड आहे. ते भाषांतरकाराचे काम असावे असे म्हणता येत असे. आता तशाच आखूड पाठाचे हिब्रू तुकडे मिळाल्यावर तसे म्हणता येत नाही.

‘भाषांतराचे भाषांतर’ हा आक्षेप तर सरळ चुकीचा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून मराठी बायबल सिद्ध केले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ते त्यानंतर पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले.

तथापि अडचणी आहेत, आणि त्या झाकणाऱ्याने स्वतःचाच पक्ष दुबळा केला. मत्तय व लूक दोघेही येशूचा जन्म हेरोदाच्या काळात घालतात. हेरोद बहुतेकांच्या मते इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. लूक मात्र तो जन्म क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असतानाच्या नावनिशीशी जोडतो, आणि योसेफसच्या वृत्तान्तावरून ती नावनिशी इ. स. ६ मधली. मधले नऊ-दहा वर्षांचे अंतर बुजविण्याचे अनेक प्रयत्न झाले; आम्हांस ते सारे ओढाताणीचे वाटतात. लूक येथे चुकला, असे म्हणणे सोपे. त्याच लूकने उल्लेखिलेला पिलात मात्र १९६१ साली कैसरियाच्या दगडी लेखात सापडला, हेही नोंदविले पाहिजे.

एवढे ऐकून आमचे गृहस्थ म्हणाले असते, ‘मग मेलेला मनुष्य उठला, तेही खरे?’ हा प्रश्न निराळा आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे क्रुसावरील मृत्यूनंतर पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. त्या पत्रात, येशू उठल्यावर आपल्याला दिसला असे म्हणणाऱ्यांतले बहुतेक अद्याप हयात आहेत, असे तो सांगतो. तेव्हा ही समजूत शंभर वर्षांनी कोणी रचली, असे म्हणता येत नाही. ती माणसे असे म्हणत होती, इथपर्यंत पोथी आपल्याला आणून सोडते. त्यांनी पाहिले ते काय, हे पोथ्या पडताळून ठरत नाही. सुखटणकरांच्या १,२५९ पोथ्यांनीही कुरुक्षेत्रावर विश्वरूप दिसले की नाही याचा निकाल दिलेला नाही.