पावशेर पाव

आमचं बांद्याला किराणा दुकान होतं. गल्ल्याशेजारी बिडाची वजनं ओळीने मांडलेली : शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. सगळ्यांत गुळगुळीत झालेलं पावशेराचं, कारण गावाची खरेदीच तेवढी. शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे पावशेर साधारण 233 ग्रॅम. पुढे मेट्रिक आलं आणि तो 250 ग्रॅमचा पाव किलो झाला. त्याच फळीवर बेकरीतून आलेले पाव टोपलीत, फडक्याखाली. गिऱ्हाईक नुसतं ‘पाव दी’ म्हणालं की बाबा विचारायचे, ‘खावचो की जोखूचो?’

शाळेतले एक गुरुजी ठासून सांगत, की एका रोटीचे चार भाग केले म्हणून तो पाव. बरेच शिकलेले लोक आजही हेच सांगतात आणि समोर लादी असली की पटतंही. हिंदी मुलखात वेगळीच आवई : पीठ पायांनी तुडवतात म्हणून पावरोटी. दोन्ही थापा. जोखायचा पाव संस्कृत ‘पाद’वरून आला, चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. खायचा पाव पोर्तुगिजांचा, मूळ लॅटिन ‘पानिस’. पोर्तुगीज तो शब्द नाकात म्हणतात. आपण अनुनासिक गाळलं आणि एकमेकांना परके दोन शब्द जुळ्या भावांसारखे दिसू लागले. लिस्बनच्या बेकरीत आपल्या उच्चाराने ‘पाव’ मागाल, तर दुकानदाराला ऐकू येईल लाकूड! आणि पावरोटी म्हणजे तर रोटीरोटीच.

पोर्तुगिजांनी गोवा घेतला 1510 साली. कोकणपट्टी भाताची, त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा. भट्टी बांधता येत होती, गहू बाहेरून आणता येत होता. अडलं ते खमिरापाशी. तोडगा माडावरच होता. रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढून सूर, म्हणजे माडाची ताडी, काढतो. ती उतरल्या क्षणापासून आंबायला लागते. ती कणकेत घातली की रातोरात पीठ फुगतं आणि भाजल्यावर पावाला किंचित आंबूस गोडवा राहतो. हे काम साष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी उचललं. माजोर्ड्याचं नाव त्यात पहिलं घेतात. पोर्तुगीज ‘पादेइरु’चा, म्हणजे पाववाल्याचा, कोंकणीत पोदेर झाला आणि उंडो, पोई, कात्रे पाव, काकणां असे त्याचे प्रकार घरोघर गेले. आता बहुतेक भट्ट्यांत सुरेऐवजी बाजारचं यीस्ट असतं. सोय झाली, चव गेली, असं माझं मत. गोव्यातले म्हातारे तर याहून कडक बोलतात.

गोवेकर मुंबईला गेले, तसा धंदाही गेला. मागाहून इराण्यांच्या बेकऱ्या आल्या, कडक ब्रून आला. वडापावाची कथा सर्वांना पाठ आहे, ती इथे नको.

घाटावरच्या सोवळ्या घरांत मात्र पाव शिरायला फार वेळ लागला. तो दोन्हीकडून वर्ज्य : किरिस्तावाच्या हातचा आणि वर ताडीत आंबवलेला. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. त्या गोष्टींत पाव टाकणारा कायम परका. पण ते पाणी प्यायलेल्याला घरात घ्यायचं नाही, हे ठरवणारे आपलेच ना? 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, तेवढ्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती असलेल्या रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं.

पावाचा हा पोर्तुगीज शब्द जपानलाही गेला. 1543 मध्ये पोर्तुगीज तिथे पोचले. गोव्यात येऊन राहिलेला फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला. जपान्यांच्या तोंडी त्या शब्दाचं झालं ‘पान’. आपल्याला पान म्हटलं की विडा आठवतो किंवा केळीचं पान. तिथे ती रोटी. सतराव्या शतकात जपानने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, पोर्तुगिजांना हाकललं, पण शब्द ठेवून घेतला. पुढे 1874 मध्ये तोक्योच्या गिंझा भागात किमुरा यासुबेई या बेकरीवाल्याने आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण भरून ‘अनपान’ काढला. खमिराची अडचण त्यालाही आली. त्याने साके या तांदळाच्या दारूचं विरजण वापरलं. युक्ती आपल्या पोदेराचीच, फक्त माडाच्या जागी भात. पुढच्याच वर्षी तो अनपान मेजी सम्राटाच्या पुढ्यात गेला, त्याला आवडला, आणि सम्राटाला काही कुणी प्रायश्चित्त सांगितलं नाही. ते दुकान गिंझात अजून चालू आहे.