मूठभर ठोकळ्यांतील अंतराळयाने

तळहातावर मावेल एवढे अंतराळयान, तेही चाळीस-पन्नास प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे! डेन्मार्कच्या 'लेगो' कंपनीच्या ठोकळ्यांतून अशी याने घडविणे, त्यांची छायाचित्रे व जोडणीचे आराखडे इतरांना देणे आणि इतरांच्या आराखड्यांवरून आपली याने सुधारणे, हा छंद आज अनेक देशांत रुजला आहे. त्यात शाळकरी मुले आहेत, तसेच अभियंते आणि निवृत्त मंडळीही आहेत. या छंदाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यातील कलाकृती सहसा टिकत नाही. पुढच्या यानासाठी ठोकळे लागतात आणि आधीचे यान मोडले जाते. उरते ती फक्त त्याची नोंद. त्यामुळे यान बांधण्याइतकेच त्याचा आराखडा दुसऱ्याच्या हाती पोहोचविण्यालाही येथे महत्त्व आहे.

आठ मिलिमीटरची भाषा

बिलुंड गावातील सुतार ओले कर्क ख्रिस्तियनसेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे पुत्र गॉडफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल बटणे आणि आत पोकळ नळ्या, या रचनेमुळे ठोकळे एकमेकांना घट्ट धरतात आणि हवे तेव्हा सुटतातही. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

दोन शेजारच्या बटणांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि 'प्लेट' म्हणजे पातळ ठोकळ्याची उंची ३.२ मिलिमीटर. तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. या मोजक्या आकड्यांतून किती रचना संभवतात, याचा हिशेब कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी केला. आठ बटणांचे, एकाच रंगाचे केवळ सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात.

अंतराळाशी या ठोकळ्यांचे पक्के नाते जुळले ते १९७८ मध्ये. हलणारे हातपाय असलेला, सुमारे चार सेंटिमीटर उंचीचा 'मिनिफिगर' हा छोटा माणूस त्याच वर्षी आला आणि त्याच्यासोबत 'स्पेस' ही मालिकाही. दोन्हींमागे रचनाकार येन्स निगार्ड क्नुडसेन यांचा हात होता. निळे अंग, राखाडी पंख आणि पिवळ्या पारदर्शक काचा असलेले 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' हे ३३८ भागांचे यान या मालिकेचे मानचिन्ह ठरले. क्नुडसेन यांचे २०२० मध्ये निधन झाले. दोन वर्षांनी कंपनीने आपल्या नव्वदीनिमित्त हेच यान १,२५४ भागांत पुन्हा आणले. ज्यांनी ते लहानपणी हाताळले होते, ती पिढी तोवर पन्नाशीकडे आली होती आणि त्यांच्यापैकी अनेकांनी ते विकत घेतले.

लहानपणाचे शास्त्र

कंपनीची बहुतेक याने मिनिफिगर आत बसेल अशा मापाची असतात. छंदिष्टांचा एक मोठा गट मात्र त्याहून कितीतरी लहान मापात काम करतो. त्याला 'मायक्रोस्केल' म्हणतात. येथे माणूस दाखवायचाच झाला, तर एका बटणाएवढा. चालकाच्या खोलीची काच म्हणजे एक पारदर्शक उतरता तुकडा. इंजिन म्हणजे एक गोल प्लेट.

मोठ्या प्रतिकृतीत तपशील वाढवीत न्यायचे असतात, तर लहान प्रतिकृतीत ते वगळावे लागतात. अमेरिकी स्पेस शटलचे उदाहरण घेता येईल. त्याची खिडकी किंवा दार गाळले तरी चालते; पण बाहेरची नारिंगी इंधनटाकी, तिच्या दोन्ही बाजूंचे पांढरे बूस्टर आणि पाठीवर चिकटलेले पंखांचे यान या तीन गोष्टी असल्या की वीस-पंचवीस तुकड्यांतही शटल ओळखू येते. सॅटर्न-५ अग्निबाणाची ओळख त्याच्या पांढऱ्या अंगावरील काळ्या पट्ट्यांत आहे, तर सोयुझच्या अग्निबाणाची बुडाशी असलेल्या चार निमुळत्या बूस्टरमध्ये. मूळ वस्तूची ओळख नेमकी कशात आहे, हे रचनाकाराला आधी शोधावे लागते.

ठोकळ्यांची बटणे वरच्या बाजूला असतात. पण यानाला पुढे, खाली आणि बाजूंनाही आकार हवा असतो. त्यासाठी अंगाला बटण असलेले विशेष ठोकळे वापरून रचना आडवी वळवितात. येथे मापांचा एक मेळ कामी येतो. पाच प्लेटींची उंची १६ मिलिमीटर भरते आणि दोन बटणांची रुंदीही तेवढीच. त्यामुळे आडवी रचना उभ्या रचनेत फट न राहता बसते. मधोमध एकच बटण असलेल्या 'जंपर' प्लेटीने भाग अर्ध्या बटणाने, म्हणजे ४ मिलिमीटरने, सरकविता येतो.

पृष्ठभागावर यंत्रसामग्रीचा भास निर्माण करणाऱ्या बारीकसारीक तुकड्यांना 'ग्रीबल' म्हणतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटासाठी प्रतिकृती घडविणाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या व विमानांच्या प्लास्टिक संचांचे सुटे भाग यानांवर चिकटविले होते. तीच युक्ती ठोकळ्यांत आली. मिनिफिगरच्या हातातील दुर्बीण येथे जुळ्या इंजिनांची नळकांडी होते, पाण्याचा नळ तोफ होतो आणि चाकांचे बूट यानाच्या पोटाखालील यंत्रे होतात.

तयार यानाची शेवटची परीक्षा अगदी बालिश आहे. ते हातात धरून हवेत वेगाने फिरवायचे. त्यात पंख गळून पडला तर जोड कच्चा! लहान मापात अनेक भाग एकाच बटणावर तोललेले असतात, त्यामुळे ही परीक्षा कठीणच असते.

पीएसएलव्ही तीन बटणांचे की चारांचे?

खऱ्या अग्निबाणांच्या प्रतिकृतींत प्रमाणाचा प्रश्न येतो. कंपनीने २०१७ मध्ये काढलेला सॅटर्न-५ चा संच १:११० या प्रमाणात आहे. मूळ १११ मीटरचा अग्निबाण त्यात सुमारे एक मीटरचा होतो. संचातील भागांची संख्या १,९६९ असून ती मानव चंद्रावर उतरला त्या वर्षाची आठवण करून देते. या संचानंतर इतर अग्निबाणही त्याच प्रमाणात बांधून त्याच्या शेजारी उभे करण्याची हौस अनेकांना लागली.

याच प्रमाणात भारताचे पीएसएलव्ही बांधायचे ठरविले, तर हिशेब असा होतो. सुमारे ४४ मीटर उंची ४० सेंटिमीटरवर येते, म्हणजे साधारण ४२ ठोकळे. गाभ्याचा २.८ मीटरचा व्यास मात्र साडेपंचवीस मिलिमीटर, म्हणजे तीन बटणांहून किंचित अधिक भरतो. तीन बटणे घेतली तर अग्निबाण जरा सडपातळ दिसतो. चार घेतली तर तो बेढब होऊ नये म्हणून उंची पन्नास सेंटिमीटर करावी लागते आणि प्रमाण १:११० ऐवजी साधारण १:८८ होते. मग तो सॅटर्नच्या शेजारी शोभत नाही. अशा प्रत्येक प्रतिकृतीत कोठेतरी तडजोड करावी लागते. ती कोठे केली हे आराखड्यासोबत सांगितले, तर पुढच्याला तेथून सुरुवात करता येते.

आराखडा रचनाकारामागे उरतो

छायाचित्रावरून यान ओळखता येते, पण बांधता येतेच असे नाही. आतला सांगाडा छायाचित्रात दिसत नाही. ही अडचण ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी सोडविली. १९९५ मध्ये त्यांनी 'एलड्रॉ' ही संगणक प्रणाली तयार केली. त्यात प्रत्येक तुकड्यासाठी एक साधी ओळ लिहिली जाते: कोणता तुकडा, कोणता रंग, कोठे आणि कसा वळवलेला. बटणांमधील अंतर २० एकके, ठोकळ्याची उंची २४ आणि प्लेटीची ८, अशी सोपी मापे त्यांनी ठरविली. पन्नास तुकड्यांचे यान त्यामुळे पन्नासेक ओळींत मावते.

जेसिमन यांचे १९९७ मध्ये ऐन तारुण्यात निधन झाले. तोवर मर्यादित तुकड्यांपुरती असलेली ही प्रणाली तेथेच थांबली असती. परंतु तिची भाषा साधी आणि खुली असल्यामुळे जगभरच्या स्वयंसेवकांनी एकेका तुकड्याचे मोजमाप घेऊन तिचे भांडार वाढवीत नेले. पुढे अनेक आज्ञावल्या याच पायावर उभ्या राहिल्या. याउलट, कंपनीने स्वतः २००४ मध्ये आणलेली 'डिजिटल डिझायनर' ही आज्ञावली २०२२ मध्ये बंद झाली. आराखडा खुल्या स्वरूपात जपून ठेवावा, असा आग्रह जाणकार धरतात तो यामुळेच.

आठवण जपण्याची आणखी एक रीत या छंदात आहे. १९८५ च्या 'ग्रेडियस' या व्हिडिओ गेममधील 'व्हिक व्हायपर' नावाच्या लढाऊ यानाच्या धर्तीवर, म्हणजे पुढे दोन टोके, मागे पंख आणि वर उभे शेपूट अशा बेताने, दर नोव्हेंबरात याने बांधण्याचा प्रघात एका अमेरिकी रचनाकाराने लोकप्रिय केला. २०१० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेव्हापासून नोव्हेंबरमधील ही याने त्यांच्या स्मरणार्थ बांधली जातात. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही असे लोकही त्यात भाग घेतात.

घरच्या टेबलावरून दुकानात

छंदिष्टांच्या कल्पनांना कंपनीचे दार उघडले ते जपानमध्ये. २००८ मध्ये तेथे 'कूसू' हा उपक्रम सुरू झाला. २०११ मध्ये तो जगभर खुला झाला आणि २०१४ पासून 'लेगो आयडियाज' या नावाने चालू आहे. प्रस्तावाला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी त्याचा विचार करते. संच निघाल्यास मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम मिळते.

या वाटेने आलेल्या पहिल्या काही संचांत 'हायाबुसा' हे जपानी यान होते. इतोकावा लघुग्रहावरील धूलिकण २०१० मध्ये पृथ्वीवर आणणाऱ्या या यानाचा संच २०१२ मध्ये निघाला. मंगळावरील 'क्युरिऑसिटी' गाडीचा २०१४ मधील संच तर ती गाडी घडविणाऱ्या संस्थेतील अभियंता स्टीफन पाकबाझ यांच्याच कल्पनेतून आला. सॅटर्न-५ आणि २०२० मधील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक हे संचही मूळचे छंदिष्टांचेच.

खुद्द अंतराळातही हे ठोकळे पोहोचले आहेत. जपानचे अंतराळवीर सातोशी फुरुकावा यांनी २०११ मध्ये अंतराळ स्थानकातच त्या स्थानकाची प्रतिकृती बांधली. प्लास्टिक ज्वलनशील असल्याने हे काम मुख्यतः बंद पेटीत हात घालून करावे लागले. त्याच वर्षी गुरूकडे निघालेल्या 'जुनो' यानात ज्युपिटर, जुनो आणि गॅलिलिओ यांच्या अॅल्युमिनियमच्या तीन लेगो मूर्ती बसविलेल्या होत्या.

देण्यातील जोखीम

ठोकळ्याच्या मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. ठोकळ्याच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगण्याचा कंपनीचा दावाही युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये फेटाळला. त्यामुळे जुळणारे ठोकळे इतर कंपन्याही बनवू शकतात. संचाची रचना, खोक्यावरील चित्रे किंवा मिनिफिगर यांची नक्कल करणे मात्र निराळे. चीनमधील 'लेपिन' या नावाने असे नकली संच विकले जात. एप्रिल २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी त्यावर मोठी कारवाई केली.

कंपनीजवळ वकील असतात. एकट्या छंदिष्टाजवळ नसतात. विनामूल्य दिलेला आराखडा कोणीतरी खोक्यात भरून विकतो आणि मूळ रचनाकाराचे नावही घेत नाही, असे घडते. म्हणून काही जण अल्प शुल्क घेऊन आराखडा देतात, काही केवळ छायाचित्र दाखवून थांबतात. तरीही लहान यानांचे आराखडे मोठ्या संख्येने विनामूल्यच दिले जातात. मूळ रचनाकाराचे नाव घ्यावे आणि आपण काय बदलले ते सांगावे, एवढीच अपेक्षा असते.

भारतातील वाचकांसाठी खर्च हा मुद्दा मोठा आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. हजार-दोन हजार भागांचा संच त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याबाहेर जातो. तळहाताएवढ्या यानाला मात्र घरात पडून असलेले, मोडक्या संचांतून उरलेले ठोकळेही पुरतात.

पहिले यान बांधताना

* आधी घरातील ठोकळे रंगानुसार वेगळे करावेत. एका यानासाठी दोन मुख्य रंग आणि एक ठळक रंग पुरे. राखाडी रंगाची छटा कंपनीने २००४ च्या सुमारास बदलली असल्याने जुने व नवे राखाडी ठोकळे मिसळू नयेत.
* काच किंवा इंजिन यांपैकी एक तुकडा आधी निवडावा आणि बाकी यान त्याच्या मापाने बांधावे.
* संगणकावर यान रचताना तो तुकडा त्या रंगात खरोखर निघाला आहे का, हे तपासावे. पडद्यावर प्रत्येक रंग मिळतो, बाजारात मिळत नाही.
* छायाचित्र दिवसाच्या उजेडात, साध्या कागदाच्या पार्श्वभूमीवर, किमान तीन बाजूंनी घ्यावे.
* यान मोडताना एकेक थर काढून प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. ही छायाचित्रे उलट्या क्रमाने लावली की जोडणीची पुस्तिका तयार होते.