बाग सेवनियातला डावा कोपरा

भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना 1956 ची. कारखान्यामागोमाग आपली बरीच मराठी कुटुंबं इकडे आली. गणपती तर होताच, पण पोरांना एकत्र ठेवलं ते कबड्डीनं. 1990 साली बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ झाली, भारताला सुवर्ण मिळालं, आणि बाग सेवनियातल्या आमच्या मैदानावर पोरांची ही गर्दी! संघ निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

चढाईवाला निवडणं सोपं हो, त्याचे गुण दिसतात. कोपऱ्याचं तसं नाही. सातजणांच्या साखळीत टोकाला उभं राहायचं, नजर चढाईवाल्याच्या पायावर, आणि घोटा पुढे आला की तेव्हाच झडप. जरा आधी झेपावलात तर तो गुण घेऊन परत जातो. चुकलात तरच लोक तुमचं नाव घेतात.

डाव्या कोपऱ्यासाठी दोन पोरं होती. एक धिप्पाड. दुसरा काडीपैलवान, पण सरावात कधी घाई न करणारा. मी वजन पाहिलं. अंतिम सामन्यात आमचा धिप्पाड गडी तीनदा आधीच झेपावला. दोन गुणांनी हरलो. काडीपैलवान रेषेबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला होता. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, ते मात्र चुकलंच.

2018 च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबानं इराणच्या फजल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले. त्याच रात्री काडीपैलवानाचा फोन आला, कित्येक वर्षांनी. "काका, पाहिलंत का? डावा कोपरा आहे तो!"