शॅम्बल्स: खाटकांच्या गल्लीवर आलेला आळ

विस्कटलेलं कपाट असो की बोजवारा उडालेला कारभार, इंग्रज दोन्हीला ‘शॅम्बल्स’ म्हणतो. मुळात हे बाकाचं नाव. लॅटिनमधून जुन्या इंग्रजीत आलं, पुढे मांस मांडायच्या फळीला आणि मग अख्ख्या मटणबाजाराला लागलं. यॉर्कमध्ये या नावाची चिंचोळी गल्ली अजून आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात शहराच्या मांसबाजारातल्या गाळ्यांची नोंद सापडते आणि १८७२ सालीही गल्लीत २५ खाटीक दुकानं मांडून होते. खिडक्यांखालच्या रुंद फळ्या आणि मांस टांगायचे आकडे काही घरांवर अजून दिसतात. वरचे मजले पुढे झुकलेले असल्याने मालावर ऊन कमी पडे आणि दोन उंच पदपथांमधल्या खोलगट रस्त्यातून रक्त धुऊन काढता येई. ही गबाळ्यांची वस्ती वाटत नाही. नाशवंत माल सांभाळणाऱ्यांची सोय त्यात दिसते.

यावर कुणी म्हणेल, घाण तर होतीच. होती, आतडी-कोथळे नदीनाल्यांत टाकू नयेत म्हणून १३८८ मध्ये कायदा करावा लागला. पण घाणीमुळेच अर्थ बदलला असता तर तो तेव्हाच बदलायला हवा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात हा शब्द साध्या मांसबाजारासाठी येतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याला लाक्षणिक अर्थ मिळाला तो रक्तपाताचा. कत्तल रोज पाहणाऱ्यांना त्या नावात रक्त दिसलं, पसारा नव्हे. पसाऱ्याचा अर्थ विसाव्या शतकातला. मधल्या काळात, १८५५ मध्ये, लंडनचा जिवंत गुरांचा बाजार स्मिथफील्डहून इस्लिंग्टनला हलला. १८७५ च्या आरोग्य कायद्याने नगरसंस्थांना स्वतःचे कत्तलखाने बांधायची मुभा दिली. कापाकापी हळूहळू भिंतीआड गेली.

शब्द वापरून बोथट होतातच, हा दुसरा आक्षेप. आपणही ‘भयंकर सुंदर’ म्हणतो आणि त्यात भय उरत नाही. पण ‘भयंकर’ हे विशेषण आहे, त्याला पत्ता नाही. शॅम्बल्स ही रोज पिशवी घेऊन जायची जागा होती. समोर बोकड कापला जात असताना त्या जागेचं नाव पोराच्या कपाटाला देणं कुणाला सुचणं कठीण. मांस खाणं सुटलं नाही, कापणं मात्र नजरेआड झालं. त्यानंतरच हे नाव इतक्या सहज घरातल्या पसाऱ्याला लावता आलं.