मृद्गंध आणि जैवविटा

उरवड्याच्या शिवारात वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध दरवळतो, त्यातील प्रमुख द्रव्य जिओस्मिन होय. मातीतील सूक्ष्म जीवाणू ते निर्माण करतात. बंगळूर येथील कलाशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका संघाने २००९ साली हेच द्रव्य इ. कोलाय या जीवाणूकडून करवून ‘आयजेम’ स्पर्धेत मांडले. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत २००३ साली भरलेल्या अभ्यासवर्गातून ही स्पर्धा उद्भवली. २००४ साली तीत पाच संघ होते. परस्परांस जोडता येणारे प्रमाणित जनुकखंड, अर्थात ‘जैवविटा’, हा तिचा पाया. परंतु विटेची ही उपमा अपुरी वाटते. वीट कोणत्याही भिंतीत वीटच राहते. ‘की’ हा प्रत्यय मात्र ‘पाटीलकी’त अधिकार दर्शवितो, तर ‘माणुसकी’त गुण. जनुकखंडाचे वर्तनही पेशीगणिक पालटते. तेव्हा या शास्त्रास गवंड्याइतकीच वैयाकरणाची दृष्टी हवी.