पाच सेकंदांचा हिशेब

इतिहास म्हटला की तलवारी, तहनामे आणि सिंहासने आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु नगरांचा इतिहास पुष्कळदा याहून फार लहान गोष्टींत दडलेला असतो. रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सुखरूप पोचणे ही अशीच एक गोष्ट. दिसायला ती क्षुल्लक आहे. पण तेवढ्यासाठी लंडनसारख्या महानगराला दीडशे वर्षे खटपट करावी लागली, आणि ती अजूनही संपलेली नाही. ही हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्या नगरात पादचाऱ्याला जे माप लावतात, तेच आपल्याकडेही लागू आहे, हे त्याचे कारण.

आरंभ मोटारीपासून झाला, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. मोटार जन्मालाही आली नव्हती तेव्हा, १८६८ च्या डिसेंबरात, लंडनच्या पार्लमेंटसमोर वाहतुकीचा पहिला सिग्नल उभा राहिला. बग्ग्या आणि घोडागाड्या यांच्या गर्दीतून सभासदांना व इतर पादचाऱ्यांना पलीकडे जाणे मुष्किलीचे झाले होते. नाइट नावाच्या एका रेल्वे-अभियंत्याने त्यावर रेल्वेचाच तोडगा काढला. दिवसा वर-खाली होणारे हात, रात्री तांबडा व हिरवा गॅसचा दिवा, आणि हे सारे हलविण्यास खाली एक पोलीस शिपाई. महिनाही पुरा झाला नाही तोच, २ जानेवारी १८६९ रोजी, गॅसचा स्फोट होऊन तो बिचारा शिपाई जखमी झाला. पुढे कित्येक दशके लंडनने त्या कल्पनेचे नाव काढले नाही.

मधल्या काळात मोटार आली आणि रस्त्यावर ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय सुरू झाला. १९३४ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील अपघातांत ७,३४३ माणसे दगावली. त्यांतील जवळजवळ निम्मी पायी चालणारी होती. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी त्या सुमारास ओलांडण्याच्या जागी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे खांब रोवून त्यांवर नारिंगी गोळे बसविले. पुढे ३१ ऑक्टोबर १९५१ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर काळेपांढरे पट्टे आले. तेच झेब्रा क्रॉसिंग. या दोन्ही सुधारणांनी पादचाऱ्याला काय दिले? त्यांनी त्याला जागा दिली. ‘येथून जा, येथे तुझा हक्क आहे,’ असे सांगितले. मात्र वेळ दिली नाही. गाडीवान थांबेल तेव्हा जायचे. शिवाय गोळा काय किंवा पट्टे काय, दोन्ही डोळसांसाठीच. अंधाला त्यांचा उपयोग शून्य.

वेळेचा प्रश्न पुढच्या दशकात हाती घेतला गेला. या ओलांडण्याच्या जागांना इंग्रजांनी प्राणिसंग्रहालयातून नावे उचलून आणावीत, ही मोठी मौज आहे. झेब्र्यामागून पांडा आला. २ एप्रिल १९६२ रोजी वॉटर्लू स्टेशनाबाहेर मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी त्याचे उद्घाटन केले. बटण दाबावे आणि दिव्यांनी वाहने थांबवावीत, अशी योजना होती. परंतु लुकलुकणाऱ्या दिव्यांचे इतके प्रकार होते की कोणी केव्हा थांबायचे हेच उमजेना. पाचेक वर्षांतच पांडा गेला आणि १९६९ मध्ये पेलिकन आला. तांबडा माणूस उभा, हिरवा माणूस चालता. ही खूण कोणालाही कळण्याजोगी होती. बटण दाबून शहराकडे वेळ मागण्याची रीत खऱ्या अर्थाने रुळली ती या पेलिकनमुळे.

दिव्याच्या जोडीला पुढे आवाजही आला. हिरवा माणूस दिसू लागताच ‘पीप्, पीप्’ असा नाद होई, आणि अंध मनुष्य कोणाचा हात न धरता पाऊल टाकू शके. पण यातूनच एक घातक अडचण उद्भवली. शेजारी शेजारी दोन ओलांडण्या असल्या, तर नाद नेमका कोणत्या ओलांडणीचा? चुकीच्या नादावर विश्वासून पुढे जाणे म्हणजे भरधाव मोटारीपुढेच जाणे. म्हणून अशा ठिकाणी नाद वर्ज्य झाला. १९८० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधनातून त्यावर एक नामी युक्ती निघाली. बटणाच्या पेटीखाली बोटाच्या पेराएवढा, खाचा असलेला एक शंकू बसविला. हिरवा माणूस लागला की तो फिरू लागतो. पेटीखाली बोट धरावे आणि शंकू फिरला की निघावे. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यालाही हा शंकू साथ देतो. डोळसांपैकी अनेकजण रोज त्या पेटीवरचे बटण दाबतात. खाली काय दडले आहे याची त्यांना वार्ताही नसते.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. हिरवा माणूस म्हणजे ‘आता निघा’ एवढीच परवानगी. पलीकडे पोचेपर्यंत तो तेवत राहत नाही. तो मावळल्यावर वाटेतल्या माणसाला किती अवधी द्यायचा, हे चालण्याच्या गतीवरून ठरवितात. ब्रिटनमध्ये ही गती सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात पडला. ही गती कोणाची? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्लंडमधील पासष्टी उलटलेल्या पुरुषांची सरासरी गती सेकंदाला ०.९ मीटर, तर स्त्रियांची ०.८ मीटर आढळली. रस्ता १२ मीटर रुंद असेल, तर नियमातला माणूस १० सेकंदांत पलीकडे जाईल. त्या सरासरीने चालणाऱ्या आजीबाईंना १५ सेकंद लागतील. उरलेले पाच सेकंद त्या रस्त्याच्या मध्यावर, सुटलेल्या वाहनांसमोर असतील. पुढे आलेल्या ‘पफिन’ प्रकारात यंत्रच रस्त्यावरील माणसाकडे लक्ष ठेवते आणि तो मंद चालत असेल, तर ठराविक मर्यादेपर्यंत वाहनांचा तांबडा दिवा लांबविते. माणसाने यंत्राच्या गतीने चालावे, हा दंडक येथे उलटला. यंत्रच माणसासाठी थांबू लागले.

आपल्याकडील इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांतही १.२ मीटर हीच गती धरलेली आहे. आपले रस्ते मात्र निराळे. पदपथावरून उतरायचे, उभ्या दुचाकींमधून वाट काढायची, उखडलेल्या दुभाजकावर चढायचे आणि मग पुढचा अर्धा रस्ता गाठायचा. मंडईतून भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या वृद्धेने हे सेकंदाला १.२ मीटरने करावे, अशी आपली अपेक्षा आहे काय? अपंगांना वापरता येतील असे रस्ते असावेत, असे २०१६ चा कायदा सांगतो. पण कायदा कागदावर असतो, आणि माणूस चौकात उभा असतो.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट दिसते. रस्त्यावरील वेळ ही नगराची सामाईक मालमत्ता आहे, आणि सिग्नल म्हणजे तिची वाटणी. ती वाटणी ज्या कोणाला धडधाकट मानून केली जाते, तोच त्या नगराचा खरा नागरिक ठरतो. बाकीचे जीव मुठीत धरून पळतात. लंडनने पादचाऱ्याला आधी जागा दिली, मग वेळ दिली, मग नाद दिला, स्पर्श दिला, आणि शेवटी मंद चालणाऱ्यासाठी थांबण्याची बुद्धी यंत्रात घातली. मोटारीतल्या माणसाला पाच सेकंदांची ती किंमत फारशी जाणवतही नाही. आपल्यापैकी प्रत्येकजण, आयुष्य लाभले तर, एके दिवशी त्या पाच सेकंदांचा याचक होणार आहे. तेव्हा ती वाटणी आजच, पाय धड आहेत तोवर, नीट करून ठेवणे यातच शहाणपण आहे.