मुंबई ते जेद्दाह: विमानाचं अंतर, वेळ आणि एहरामचा हिशेब

उमराहची तयारी सुरू झाली की वणीतल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, “सर, विमानाला किती तास लागतात?” तिकीट पाहिलं तर सकाळी १० ला मुंबई आणि दुपारी १ ला जेद्दाह. म्हणजे तीनच तास? नाही. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो.

अंतर आणि वेळ
मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेपाच तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे पाच तासांच्या आसपास. मधे कुठे विमान बदलायचं असेल तर वेळ दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. स्वस्त तिकीट घेताना हे आधी बघा, विशेषतः सोबत बुजुर्ग असतील तर.

घड्याळाचा फरक
सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. तिकिटावर निघण्याची वेळ भारताची आणि पोहोचण्याची वेळ सौदीची छापलेली असते. म्हणून जाताना तिकिटावरच्या फरकात अडीच तास मिळवा, येताना वजा करा. इन्सुलिन किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी नव्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधं हातातल्या बॅगेतच ठेवावीत.

मीकात हवेतच येते
आमच्या घरातल्या एका बुजुर्गांनी एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकल्या. तीन तासांचा तर प्रवास, जेद्दाहला उतरून बांधू, असं त्यांना वाटलं. बॅग सामानात गेली आणि मीकात वरच्यावर निघून गेली. शेवटी दम द्यावा लागला. मुंबईहून जेद्दाहला जाणारं विमान उतरण्याआधीच मीकातची हद्द ओलांडतं. त्यामुळे एहराम घरी किंवा एअरपोर्टवरच बांधावा, आणि नियत व तलबिया मीकातच्या आधी करावी. विमानात सहसा घोषणा होते, पण झोप लागली तर ती ऐकू येत नाही. आधी मदीनेला जाणाऱ्यांनी मक्केकडे निघताना ज़ुल-हुलैफा इथे एहराम बांधावा. बाकीचे मसले आपल्या आलिमांना विचारून घ्या.

वणीपासून मक्केपर्यंत (अंदाजे)
- वणी ते मुंबई एअरपोर्ट, नाशिकमार्गे: ५ तास
- एअरपोर्टवर: ४ तास
- थेट विमान: साडेपाच तास
- जेद्दाहला इमिग्रेशन आणि सामान: २ तास
- जेद्दाह ते मक्का, सुमारे ८० किमी: दीड तास

एकूण सुमारे १८ तास. कसाऱ्याच्या घाटात ट्रॅफिक लागतं, म्हणून दोन तास जास्तच धरा.

मक्का ते मदीना सुमारे ४५० किमी आहे. २०१८ पासून सुरू असलेली हरमैन रेल्वे ते साधारण अडीच तासांत पार करते.

पूर्वीचा सफर
१९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल. जुन्या जहाजांना १२ ते १५ दिवस लागायचे. तेव्हा तयारीला जहाजावरही वेळ मिळायचा. आता तो मिळत नाही, म्हणून तयारी घरूनच पक्की करून निघा.